‘चान्स’ आहे, पण किती?

मिरग निघाला की मराठवाड्यात दोन भांडणं हमखास सुरू होतात. पहिलं पावसाचं. हवामान खात्यानं पावसाची शक्यता सांगितली, लोकांनी पेरलं, आभाळ कोरडं गेलं आणि दुबार पेरणी बोकांडी बसली, तर दोष कुणाचा? एक बाजू म्हणते खातं खोटं बोलतं, दुसरी म्हणते शेतकऱ्याला विज्ञान कळत नाही. दुसरं भांडण भाषेचं. ‘चान्स’ हा शब्द मराठीतून हाकलून लावा, असं काही जण सांगतात. लोकांच्या तोंडात बसलेला शब्द कुणाच्या हुकमानं जात नाही, असं उत्तर त्यांना मिळतं. वरवर पाहता या दोन भांडणांचा एकमेकांशी संबंध नाही. मला मात्र ती एकाच दुखण्याची दोन लक्षणं वाटतात, आणि दोन्ही चुकीच्या जागी लढली जात आहेत. ‘चान्स’ परका आहे म्हणून घातक नाही. त्याच्यासोबत माप येत नाही, म्हणून तो घातक आहे. आणि त्याला हटवून बसवलेला ‘शक्यता’ हा आपला शब्दही तितकाच बिनमापाचा आहे. ज्या शब्दावर दुसऱ्याचं पीक, पैसा किंवा जीव टांगलेला असतो, त्या शब्दासोबत आकडा आलाच पाहिजे, ही माझी भूमिका आहे.

आधी शब्द नीट पाहू. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी ‘पडणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. पडणे म्हणजे फाशांचं पडणं. मराठीला ही कल्पना नवी नाही. सोंगट्यांच्या खेळात आपण ‘दान पडलं’ म्हणतो, तेव्हा नेमकं हेच चित्र डोळ्यांपुढे असतं. पण इंग्रजीत या एका शब्दाचे निदान चार अर्थ झाले: एखादी गोष्ट घडण्याची शक्यता, काही करून दाखवण्याची संधी, निव्वळ योगायोग, आणि पत्करलेली जोखीम. इंग्रजी माणसाचा सहसा गोंधळ होत नाही, कारण शब्दाच्या मागेपुढे येणारे छोटे शब्द अर्थ वेगळा करतात. तिथे पावसाच्या ‘चान्स’ला एक अव्यय लागतं, काम करण्याच्या ‘चान्स’ला दुसरं, योगायोग सांगताना तिसरं, आणि जोखमीसाठी तर ‘घेणे’ हे क्रियापदच सोबत येतं. मराठीत यातले दोन प्रयोग सहीसलामत आले: ‘बाय चान्स भेट झाली’ आणि ‘धूळपेरणी करून चान्स घेतला’. उरलेले दोन मात्र एकाच साच्यात ओतले गेले. ‘पावसाचा चान्स’ आणि ‘पेरायचा चान्स’ या दोन्हींत तोच ‘चा’ आहे. पहिला शक्यतेचा, दुसरा संधीचा. कान त्यात फरक करत नाही. ‘शुक्रवारी पावसाचा चान्स हाय’ हे वाक्य चौकातून शेतापर्यंत पोचेस्तोवर ‘शुक्रवारच्या आत पेरायचा चान्स हाय’ असं होऊन जातं. संधी म्हटली की ती साधावी लागते, हुकली तर हळहळ वाटते. शक्यतेचं तसं नसतं. ती तोलायची असते.

म्हणून भाषाशुद्धीवाल्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्यांच्या बाजूला खरा जोर इथे आहे: शक्यता, संधी, योगायोग, जोखीम असे चार सुटे शब्द घरात असताना चारही कामांना एकच उसना शब्द वापरणं म्हणजे हत्यारं असून हातानं माती उकरणं. शिवाजी महाराजांच्या काळी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला, तो काही हौसेपोटी नव्हता. फारसीखाली झाकोळलेली आपली कारभाराची भाषा पुन्हा उभी करावी, हा हेतू त्यामागे होता. पण त्या कोशाचा पुढचा इतिहासही सांगायला हवा. अर्ज, हुकूम, जामीन, वसूल, बाकी हे शब्द कुठे गेले? ते आजही तहसिलात आहेत. मराठवाड्यात तर १९४८ पर्यंत निजामाचा कारभार उर्दूत चालला आणि ते शब्द आणखी घट्ट रुजले. आणि ते टिकले ते आळसामुळे नव्हे. ‘बाकी’ म्हटलं की पुढे रुपयांचा आकडा येतो, ‘जामीन’ म्हटलं की कुणाची आणि किती रकमेची हमी ते कागदावर येतं. परका असूनही तो शब्द पक्का होता. ‘शक्यता’ अस्सल आपला असून कच्चा आहे.

किती कच्चा, ते हवामान खात्याच्या परिभाषेतच दिसतं. खात्याच्या इंग्रजी पत्रकात शक्यतेच्या शब्दांना ठरलेले आकडे आहेत. सगळ्यांत खालची पायरी २५ टक्क्यांच्या आतली, म्हणजे ‘शक्यता नाही’. त्यावर २५ ते ५० टक्के, म्हणजे इंग्रजीतलं ‘लाइकली’, मग ५० ते ७५, आणि शेवटी ७५ च्या वर. मराठी बातमीत नुसतं ‘पावसाची शक्यता’ येतं तेव्हा त्यामागे बहुधा २५ ते ५० टक्क्यांची पायरी असते. म्हणजे पाऊस पडण्यापेक्षा न पडण्याचीच बाजू जड! वाचणारा मात्र ‘शक्यता आहे’ याचा अर्थ ‘बहुतेक पडेल’ असा घेतो. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या अहवालात तोच इंग्रजी शब्द ६६ टक्क्यांहून जास्त अशा अर्थानं येतो. दोन्ही संस्था हवामानाच्याच, शब्द एकच, आणि अर्थ पार उलट्या बाजूंचे. मराठी बातमीत दोन्हीचं भाषांतर ‘शक्यता’.

यात जागेचे शब्द मिसळा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५, ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून जास्त. आता ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता’ हे वाक्य तुमच्या शिवारापुरतं उतरवून पाहा. घटना घडण्याची शक्यता फार तर निम्मी, आणि घडलीच तरी चारांतलं फार तर एक केंद्र भिजणार. ढोबळमानानं आठात एक, तेही जास्तीत जास्त. शिवाय पाऊस म्हणजे किती? खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर पडला की तो पावसाचा दिवस. १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, त्यापुढे जोरदार. आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासह सगळे कृषी सल्ले काय सांगतात? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नका. याचं कारण काळ्या जमिनीच्या स्वभावात आहे. थोड्या पावसानं वरचा थर ओला होतो, खालची ढेकळं कोरडीच राहतात. बी पाणी पिऊन फुगतं, चार दिवस उघाड पडली की कोंब आतल्या आत सुकतो, आणि एकदा फुगलेलं बी परत उगवत नाही. आठात एक शक्यतेच्या अडीच मिलिमीटरवर सोयाबीनची बॅग मातीत जाते, ती या शब्दांच्या घसरगुंडीवरून. इथे खातं खोटं बोललं का? नाही. शेतकरी अडाणी ठरला का? तोही नाही. मधला शब्द पोकळ निघाला.

याच शब्दानं याहून मोठे घात केले आहेत. १९५१ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेनं युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याबद्दल एक अहवाल दिला आणि त्यात ‘गंभीर शक्यता’ असा शब्द वापरला. तो लिहिणाऱ्यांपैकी शर्मन केंट यांना एका अधिकाऱ्यानं विचारलं, म्हणजे किती? केंट म्हणाले, शंभरात साधारण ६५. विचारणारा चपापला. त्यानं ती फार कमी धरली होती. मग केंट यांनी ज्या सहकाऱ्यांनी मिळून तो मजकूर मान्य केला होता, त्यांनाच विचारलं. कुणाच्या मनात २० होते, कुणाच्या ८०. एकाच वाक्यावर सगळ्यांची सहमती आणि मनात मात्र भलतेच आकडे. दहा वर्षांनी याची किंमत रक्तात मोजली गेली. १९६१ मध्ये क्युबावर निर्वासितांची फौज उतरवण्याचा बेत अमेरिकी सेनाधिकाऱ्यांनी तपासला आणि त्याला यशाचा ‘बऱ्यापैकी चान्स’ असल्याचं लिहिलं. लिहिणाऱ्यांच्या मनात शंभरात ३० होते, म्हणजे फसण्याचीच बाजू मोठी. अध्यक्ष केनेडी यांच्या टेबलापर्यंत आकडा गेला नाही, फक्त तो गोड शब्द गेला. सुमारे १,४०० माणसं बे ऑफ पिग्जवर उतरली आणि तीन दिवसांत हजारावर कैद झाली. शब्द लिहिणारे आणि वाचणारे, दोघांचीही भाषा इंग्रजीच होती. म्हणजे भाषांतर शुद्ध असतं तर प्रश्न सुटला असता, असं म्हणायला जागा उरत नाही.

आता माझ्या भूमिकेवरचा सगळ्यांत जड आक्षेप, आणि तो शेतकऱ्याचाच आहे: ‘टक्के नका सांगू. पडंल का न्हाई, पेरू का नको, तेवढं सांगा.’ हे म्हणणं समजून घ्यावं असं आहे. ज्याच्या हातात दोन दिवस आहेत, ट्रॅक्टरवाला दारात उभा आहे, त्याला गणित नको, निर्णय हवा असतो. पण ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगणारा माणूस कोणाच्या तोट्याचा विचार करून ते सांगतो? हिशेब मांडू. आकडे मानून घेतलेले आहेत, प्रत्येकानं आपापले घालावेत. समजा एका एकरात पेरणी फसली तर बी, खत आणि मजुरी मिळून ८,००० रुपये बुडतात. पेरणी थांबवली आणि नेमका पाऊस पडला, तर आठवडा वाया जाऊन २,००० रुपयांचं उत्पन्न घटतं. पावसाचा अंदाज आहे दहात सात. असे दहा प्रसंग आले आणि दहाही वेळा पेरलं, तर तीन वेळा फसेल, २४,००० रुपये जातील. दहाही वेळा थांबलं, तर सात वेळा उशीर होईल, १४,००० जातील. म्हणजे शंभरात ७० असूनही थांबणंच शहाणपणाचं. दहात आठ झाले तर दोन्हीकडे १६,०००, तोल बरोबर मधे. दहात नऊ असतील तर पेरावं.

शेजारच्या वावरात मात्र विहिरीला पाणी आहे आणि तुषार संच आहे. त्याची पेरणी फसत आली तर तो ३,००० रुपये खर्चून ती वाचवतो. त्याला तोच दहात सातचा अंदाज मिळाला तर पेरून ९,००० जातील, थांबून १४,००० जातील. त्यानं आजच पेरावं. एकाच बांधाच्या दोन बाजूंना एकाच अंदाजाची दोन बरोबर उत्तरं! ‘पेरा’ असा एकच निरोप दिला तर कोरडवाहूवाला बुडतो, ‘थांबा’ म्हटलं तर बागायतदाराचं नुकसान. निर्णय सोपा करून देण्याच्या नावाखाली आपण एकाचा हिशेब दुसऱ्याच्या माथी मारतो, आणि त्यात मोठा मार खातो तो कोरडवाहूच.

हाच हिशेब सप्टेंबर-ऑक्टोबरात उलटा फिरतो. सोयाबीन कापून गंजी लागली आहे आणि परतीच्या पावसाची शक्यता फक्त दहात एक सांगितली आहे. ताडपत्री आणि दोन माणसांची मजुरी मिळून समजा ५०० रुपये, आणि गंजी भिजली तर २०,००० चं नुकसान. दहा वेळा झाकलं तर ५,०००, दहा वेळा उघडं ठेवलं तर एकदाच भिजून २०,०००. दहात एकलाही झाकायलाच हवं. जूनमध्ये दहात सात कमी पडले आणि ऑक्टोबरात दहात एक पुरेसा झाला. ‘पावसाचा चान्स आहे’ या एका वाक्यातून हे दोन निर्णय निघतील कसे?

लोकांना टक्के कळत नाहीत, हा दुसरा आक्षेप मी ऐकून घेतो पण मान्य करत नाही. मराठवाड्यातला सोयाबीनवाला दर मे महिन्यात शक्यतेचा प्रयोग स्वतःच्या हातानं करतो. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठ मूठ बी काढायचं, त्यातले न निवडता १०० दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि चार-पाच दिवसांनी सशक्त कोंब मोजायचे. ७० निघाले तर एकरी ३० किलो, ६० निघाले तर ३५ किलो. चूक कुठे होते हेही त्याला माहीत असतं. पोत्याच्या फक्त वरचंच बी घेतलं, किंवा चांगले टपोरे दाणे वेचून मांडले, की आकडा फुगतो. पाणी जास्त झालं की बी कुजतं आणि आकडा पडतो. सत्तर म्हणजे प्रत्येक दाणा सत्तर टक्के उगवतो असं त्याला कधीच वाटत नाही. शंभरात तीस जाणार हे तो गृहीत धरून चालतो. ज्याला बियाण्यातले सत्तर कळतात, त्याला आभाळातले सत्तर कळणार नाहीत का? आणि आणेवारीचं काय? पीक ५० पैशांच्या आत की वर, यावर गावोगाव किती काटेकोर वाद होतात! ‘सोळा आणे खरं’ म्हणणारी भाषा अपूर्णांकाला घाबरत नाही.

उलट शिकल्यासवरलेल्यांचं पाहा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्क, ॲमस्टरडॅम, बर्लिन, मिलान आणि अथेन्स इथल्या लोकांना विचारलं होतं, उद्या पावसाची शक्यता ३० टक्के म्हणजे काय? बरोबर अर्थ सांगणाऱ्यांचं बहुमत फक्त न्यूयॉर्कमध्ये निघालं. बाकी ठिकाणी अनेकांना वाटलं, ३० टक्के वेळ पाऊस पडेल किंवा ३० टक्के भागात पडेल. यातून मी घेतो तो धडा हा, की नुसता टक्का पुरत नाही. टक्का कशाचा, ते सांगावं लागतं. ‘आजच्यासारखे दहा दिवस आले तर त्यातल्या तीन दिवशी पाऊस पडतो’ असं म्हटलं की वेळ आणि जागेचा घोळ मिटतो. आपल्या दहावीच्या गणितात संभाव्यतेचं प्रकरण आहे, पण त्यात नाणी, फासे आणि पत्ते. शाळेच्या आवारातलं पर्जन्यमापक त्या प्रकरणात का नसावं?

तिसरा आक्षेप हवामानशास्त्र जाणणाऱ्यांचा, आणि तो मला मान्यच करावा लागतो. जूनमधला मराठवाड्यातला पाऊस बराचसा गडगडाटी ढगांचा. एका शिवारात चिखल आणि पुढच्या शिवारात धूळ. जिल्ह्याला दिलेला पाच दिवसांचा अंदाज गावाला चिकटवणं धोक्याचं, आणि ‘६३ टक्के’ असा आकडा तर निव्वळ दिखावा. खरं आहे. म्हणूनच दहाच्या पटीत सांगा, दहात दोन, दहात पाच, दहात आठ. पण अचूक आकडा देता येत नाही म्हणून आकडाच न देणं, हे तराजू दहा ग्रॅमनं चुकतो म्हणून हातानं वजन करण्यासारखं झालं. शब्दात लपवलेली अनिश्चितता तेवढीच राहते, फक्त ती तपासता येत नाही. दहात सात सांगितलेल्या दिवसांची नोंद ठेवली तर हंगामाअखेर कळतं की त्यातले खरंच सत्तर टक्के ओले गेले का. शंभर टक्के ओले गेले असले तर तो अंदाजही चुकीचाच, कारण सांगणारा घाबरून कमी सांगत होता. आणि एक कोरडा शुक्रवार दाखवून ‘खोटं ठरलं’ म्हणता येत नाही, कारण दहातले तीन कोरडे जाणार हे त्यानं आधीच सांगितलं होतं. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक की गाढव हे येतं. ते तपासायची सोय नाही, म्हणून ते कधी खोटं ठरत नाही. महाभारतातला राजा ऋतुपर्ण धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे पाहून पानं-फळं किती ते सांगतो. त्याचा सारथी झालेला नळ त्याच्यावर नुसता विश्वास ठेवत नाही. तो झाड पाडतो, मोजतो, आणि मोजदाद जुळल्यावरच ती विद्या मागतो.

‘चान्स नाही’ या उलट्या टोकाची किंमत तर मराठवाड्याइतकी कुणी मोजली नसेल. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उजाडायच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात हा परिसर सगळ्यांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. ‘सगळ्यांत कमी’ याचा व्यवहारातला अर्थ ‘मुळीच नाही’ असा झाला, आणि दगड-मातीच्या जाड भिंतींवर मातीची जड माळवदं तशीच उभी राहिली. हजारो माणसं त्या माळवदांखाली गेली. पुढे २००२ मध्ये नकाशा बदलला, पहिला पट्टाच रद्द झाला आणि लातूरचा तो भाग तिसऱ्यात आला. शक्यता कमी होती, हे कदाचित खरंही असेल. पण शक्यता एक आणि घडलं तर होणारा घात दुसरा. दोन्हींचा गुणाकार म्हणजे जोखीम. ‘चान्स’ या एकाच शब्दात दोन्ही कोंबले की लहान शक्यतेमागचा मोठा घात दिसेनासा होतो. पिवळा, नारिंगी, लाल हे इशाऱ्याचे रंग ठरवताना हवामान खातं शक्यता आणि परिणाम दोन्ही धरतं. आपल्या बातम्यांत मात्र उरतो तो फक्त रंग.

म्हणून बोलण्यातला ‘चान्स’ राहू द्या. भरतीचा शेवटचा चान्स, बाय चान्स भेट, यात कुणाचं काही बिघडत नाही. बदल हवा तो सल्ल्यात, बातमीत आणि दवाखान्यात. तिथे पेशंटच्या नातेवाइकाला मिळणारं ‘फिफ्टी-फिफ्टी’ हे उत्तर बहुतेक वेळा पन्नास टक्के नसतंच, त्याचा अर्थ ‘मला सांगता येत नाही’ एवढाच असतो. कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तो असा उतरवता येईल: ‘शुक्रवार सकाळ ते सोमवार सकाळ. आपल्या तालुक्यातलं कोणतंही एक ठिकाण धरलं तर तिथे २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस: दहात चार. २५ मिलिमीटर किंवा जास्त: दहात एक. मिरगापासून आजवर पडलेला पाऊस: ३८ मिलिमीटर. पेरणीला हवा: ७५ ते १००.’ आणि त्याखाली एक रिकामी ओळ सोडायची. सोमवारी सकाळी आपल्या महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाचा आकडा तिथे खडूनं लिहायचा, आणि दोन्ही ओळी वहीत उतरवून घेतल्याशिवाय फळा पुसायचा नाही.